हीटरचा पंप

१९ जुलै, शनिवार. कालगुर्ली, ऑस्ट्रेलिया
व्हॅनचा हीटर मेला! नुसता पंखा फिरतो, ऊब नाही. हृषीकेशने खिडकीतूनच निदान केलं — हीटरला डिझेल पोचवणारा छोटा पंप गेलाय.

आणि २८ तारखेला, सोमवारी, त्याची पर्थला केमो. डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या, ह्या औषधाने फरक पडला नाही तर पुढे काही नाही. विमानातली गर्दी त्याला चालत नाही, सलग सहाशे किलोमीटर बसवत नाही. म्हणजे वाटेत रात्री व्हॅनमध्येच झोपायचं. इथल्या जुलैच्या थंडीत, हीटरशिवाय? तो भर दुपारी उन्हात बसूनही कुडकुडतो.

२१ जुलै
गॅरेजवाल्याला इतक्यात वेळ नाही. 'नो वरीज' मात्र दर वाक्याला. पंप मागवलाय. बसवणार मी — लॅबमध्ये रक्त तपासणारी बाई, जिने कधी बॉनेटसुद्धा उघडलं नाही!

२४ जुलै, दिव्यांची अवस
पंप आला. सासूबाईंचा पुण्याहून फोन — आज नवीन काही सुरू करू नकोस गं. बरं, नाही करत. दिवे घासले, पाटावर मांडले, शेजारी पंपही ठेवला. त्यालाही हळदकुंकू लावलं, अंगठ्याने, चांगलं ठसठशीत. हृषीकेश हसला. किती दिवसांनी! हसता हसता खोकला लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

कणकेचा दिवा अर्धाच खाल्ला त्याने. तुपासकट.

२५ जुलै
रजा काढून दिवसभर गाडीखाली. तो शेजारी खुर्ची टाकून, पांघरूण घेऊन. केमोने बोटं बधिर झालीत, साधा स्क्रू धरता येत नाही. खाणीतली एवढाली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस! तो सांगणार, मी करणार. तिरका बसव. तोंड वर ठेव. आता क्लिप आवळ. मी सारखी चिडत होते. तो एकदाही चिडला नाही, त्याचाच जास्त राग आला.

सुरू केला. टकटक वाजतो, पण डिझेल काही पुढे सरकेना. पुन्हा काढला, फडक्याने पुसला — तर कुंकवाखाली बाण! डिझेल कुठल्या बाजूने जायचं त्याची खूण. नेमकी तीच मी झाकून टाकली होती आणि पंप उलटा बसवला होता. हृषीकेश म्हणाला, "आईला सांगू नकोस."

सुलटा बसवला. थोड्या वेळात व्हॅन उबदार! त्याने आत बसून स्वेटर काढला. दंड केवढे बारीक झालेत त्याचे. रोज बघते, तरी आज बघवलं नाही.

२६ जुलै
सामान भरलं, गाडी सुरू केली, तेव्हा बोलला. "पर्थ नको, सुखदा. मी फोन करून कॅन्सल केलंय. नाही होत आता. एस्परन्सला जाऊ या, समुद्राजवळ झोपू."

मला ओरडायचं होतं. एवढंच विचारलं — मग माझ्याकडून तो पंप कशाला बसवून घेतलास?

"पुढच्या वेळी बिघडला तर तुला एकटीला बसवता यायला हवा ना."

गाडी दक्षिणेला घेतली, एस्परन्सच्या रस्त्याला.