दलालाने वाचून दाखवलेला कागद

तायडे,

तू कान पिळून शिकवलेली अक्षरं काल कामी आली.

मी राखतो तो बंगला विकायला काढलाय. मालक परदेशात, कारभार सगळा दलालाच्या हातात. परवापर्यंत मला "ए" म्हणणारा हा माणूस काल "अहो, बसा ना" म्हणाला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. त्याने कागद पुढे केला. "सही करा."

मी वेड पांघरलं. "साहेब, आम्हाला कुठलं लिहितावाचता येतंय?"

गडी खूश! "मग अंगठा द्या. मी वाचतो. 'नवे मालक यांना कामावर ठेवतील.'"

कागदावर होतं, 'तळघरात पाणी कधीच येत नाही, याची हमी माझी.' दर पावसात ते पाणी बादल्यांनी मीच उपसतो!

अंगठ्याला लागलंय म्हणत मी त्यावर गुंडाळलेली चिंधी दाखवली, तर "उद्या द्या" म्हणत कागद बिनधास्त माझ्याकडेच ठेवून गेला.

आज त्याच्यासोबत घर घेणाऱ्या बाई येतायत. त्याच्यादेखत त्यांना म्हणेन, "बाई, एवढं जरा मोठ्यानं वाचून दाखवता?"

नोकरी जाईल. तू म्हणशील, याचं बूड कुठे टेकतच नाही.

हे पत्र मात्र तोवर टाकत नाही. बंगल्याचं टपाल तोच नेतो; त्याने उघडलं तर मला लिहिता येतं हे कळेल.

तुझा अडाणी धाकटा