अध्यक्षबाईंचा नवरा

३ फेब्रुवारी, शनिवार
अध्यक्ष झाले! हॉस्पिटलातल्या आम्हा सिस्टरांच्या युनियनची. मी फक्त चहा सांगायला कॅन्टीनला गेले होते. परत आले तर टाळ्या. संघप्रिया म्हणाली, "नमिता, तुझा आवाज मोठा आहे." एवढीच पात्रता.

पण प्रकरण हसण्यासारखं नाही. संघप्रियालाच काल काढलंय. सलग दोन ड्यूट्या केल्या, तिसरीला नाही म्हणाली म्हणून! इतकी वर्षं आयसीयू सांभाळलं तिनं. आज ती, उद्या मी.

मितेशला कसं सांगू? माझा नवरा त्याच हॉस्पिटलात एच.आर. मॅनेजर आहे.

४ फेब्रुवारी
सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं. माशाचा काटा अडकला त्याच्या घशात.

६ फेब्रुवारी
मीटिंग. संघप्रियाला परत घ्या, आणि विचारल्याशिवाय डबल ड्यूटी लावू नका, बस. मालक नंदकुमार सर हसले. "युनियन कशाला? आपण सगळे एक फॅमिली आहोत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, माझी फॅमिली तुमच्या बाजूला बसलीय. तीपण माझं ऐकत नाही."

मितेशनं फाइलीत तोंड घातलं ते काढलंच नाही.

८ फेब्रुवारी
मला नोटीस — मितेशच्या सहीची! ऑफिसात द्यायची हिंमत झाली नाही, घरी घेऊन आला. मी भेंडी चिरत होते. म्हणतो, "श्रीमती नमिता, पोचल्याची सही करा." श्रीमती! लग्नापासून पहिल्यांदा. म्हटलं, "हात चिकट आहेत, वाचून दाखव." बिचाऱ्यानं उभं राहून वाचली. बेशिस्त, चिथावणी, उद्धट भाषा…

सासूबाई आतून बाहेर आल्या. "कोन बोलतंय माझ्या सुनेला उद्धट?"

"मी नाही गं आई, हॉस्पिटल."

"आनि सही कोनाची हाय?"

जेवताना मितेशच्या ताटात फक्त माशाच्या शेपटीचा तुकडा पडला.

१२ फेब्रुवारी
गेटवर बसलो. पेशंटचे हाल नकोत, म्हणून ज्यांची ड्यूटी नाही त्यांनीच बसायचं. काळ्या फिती लावून. पहिली घोषणा माझी. उभी राहिले, मूठ वर केली आणि ओरडले — "नातेवाइकांनी बाहेर थांबा!" सवय, दुसरं काय! संघप्रिया हसून हसून खालीच बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

१३ फेब्रुवारी
सासूबाई आमच्या शिरवणे गावातल्या सगळ्या मैत्रिणी घेऊन हजर! वॉचमन म्हणाला, "आजी, कुठल्या पेशंटला भेटायचंय?"

"तुमच्या मालकाला. त्याला कमी ऐकू येतंय ना?"

त्यांना उठवायला वरून पाठवलं कोणाला? मितेशला. "आई, ऊठ ना. सर बघतायत."

"बघू दे. तू जेवलास का?"

नाही म्हणाला. त्यांनी हाताला धरून खाली बसवलं, डबा उघडला. हा आमच्या मधोमध मांडी घालून भाकरी खातोय, गळ्यात मॅनेजरचं ओळखपत्र! वरच्या काचेतून सर बघत होते. मला हसू येत होतं, पण नजर सारखी वर जात होती.

१५ फेब्रुवारी
जिंकलो! संघप्रिया सोमवारपासून ड्यूटीवर. डबल ड्यूटी विचारूनच, तीही लेखी.

आजच्या मीटिंगमध्ये सर आधी ऐकतच नव्हते. मग मितेश उठला. "सर, उद्या तुमच्या आईला सलाइन लावायचं असेल, तर सोळा तास उभ्या असलेल्या सिस्टरला लावू द्याल?"

सरांनी पेन मागितलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "भारी बोललास." तर म्हणे, "पाणी दे आधी."

१६ फेब्रुवारी
मितेश दुपारीच घरी आला. काढलं त्याला.

सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला. बूट काढता काढता त्यानंच विचारलं,

"अध्यक्षबाई, तुमच्यात ऑफिसवाले घेतात का?"