शाळा सोडण्याचे कारण

लातूर,
रविवार, दि. २२ जून १९८६

आदरणीय सरजाअक्का,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. तू आणि तुझ्या वसतिगृहातल्या मुली बऱ्या असाल असं धरून चालतो. तीन वर्षांनी पत्र आलं म्हणजे याचं काही काम असणार, हे तू ओळखलं असशीलच. काम आहे. पत्र पोस्टानं न येता एका मुलीच्या हातून का येतंय, तेही सांगतो.

मृग कोरडा गेला. टँकर चार दिवसांआड येतो. पार्वती दोन घागरींत घर चालवते आणि वर मलाच सुनावते की जिल्हा झाला, पाणी मात्र तालुक्याचंच राहिलं.

आमची नगरपालिकेची शाळा आता तुला ओळखू येणार नाही. दोन वर्षांपूर्वी गंजातले व्यापारी, दोन डॉक्टर आणि कॉलेजचे काही प्राध्यापक यांनी मिळून शाळा सुधार मंडळ काढलं आणि आमची शाळा दत्तक घेतली. बाकं आली, खिडक्यांना दारं बसली. अध्यक्ष शेषेराव अडतवाले तर बाह्या सारून स्वतः फळे रंगवायला बसले. मी वस्तीत घरोघर हिंडून हमालांची, दगड फोडणाऱ्यांची पोरं आणली. या नव्या जिल्ह्यात गरिबाच्या पोरालाही जागा मिळाली पाहिजे, असं मी सभेत बोललो तेव्हा टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या, खोटं कशाला बोलू. मंडळाची अट एकच होती. हजेरी नव्वद टक्के पाहिजे, नाहीतर ते दुसरी शाळा घेणार.

मग हा दुष्काळ. दिवाळीनंतर आईबाप रोजगार हमीच्या कामावर गेले आणि त्यांच्यामागं पोरंही गेली. हजेरी साठावर आली. मार्चमध्ये मंडळ पाहणीला येणार होतं. हजेरी वाढवायला पोरं पाहिजेत, आणि पोरं तर पाझर तलावावर माती वाहत होती. मग मी पट कमी केला. एक्केचाळीस नावं काढून टाकली. हजेरी चौऱ्याण्णव टक्के झाली. मला शाल मिळाली, आणि मे महिन्यात मुख्याध्यापक रिटायर झाल्यावर त्यांची खुर्चीही तात्पुरती मलाच.

आता पोरं परत आलीत आणि शाळेत जागा नाही. शाळा सुधारली हे ऐकून नव्या कचेऱ्यांतल्या लोकांनी आपली मुलं आमच्याकडे घातली. वर्ग भरले.

सोमवारी शाळा उघडली. सहावीची हजेरी घेताना मी अठरा म्हणालो आणि दोन आवाज आले. एक नव्या मुलीचा, एक दारातून. दारात काढलेल्या एक्केचाळिसांतली, वस्तीतल्या नागुबाईची सिंधु उभी होती. म्हणाली, "गुरुजी, अठरा नंबर माजा हाय. तुमी तिला का देलाव?" मी तिला उद्या ये म्हणालो. ती सहा दिवस रोज आली. दारात उभी राहते आणि अठरा म्हटलं की हजर म्हणते. मी वर बघत नाही, अक्का. मला बघवत नाही.

काल नागुबाई घरी आली. "गुरुजी, म्या कवा म्हणले नाव काढा म्हणून? बुधवारी आमी हैदराबादकडं इटाच्या कामाला निघालोत. पोरगी शाळंत असती तर तिच्या मावशीनं ठिवून घेतली असती. आता संगं न्यावं लागतंय. एकदा संगं गेली की संपलं बघा." ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बोलली आणि गेली.

हे पत्र तुझ्या हातात देणारी मुलगी तीच. मागं नागुबाई असेल. पोरीला तुझ्या वसतिगृहात ठेवून घे.

सोबत तिचा शाळेचा दाखला आहे. 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना वाच. मार्चमध्ये मी एक्केचाळीस वेळा तिथं 'पालकाच्या अर्जावरून' असं लिहिलं. अर्जही मीच लिहिले. त्यांच्यावरचे अंगठेही माझेच, कधी डावा, कधी उजवा.

तुझ्या दाखल्यावरही हेच शब्द आहेत.

माझ्या लग्नात तू हसत म्हणालीस, निवृत्ती माझ्या वाट्याचंही शिकला. मी चारचौघांत म्हणालो, तुला कुणी अडवलं होतं का? तू न जेवता उठलीस, ती पुन्हा आली नाहीस.

बहात्तरच्या दुष्काळात माय-आबा खडी फोडायला जायचे आणि आपला धाकटा भीमा पाळण्यात होता. आबानं वाटणी करून दिली होती, एक दिवस तू शाळेत, एक दिवस मी. आपण दोघं सातवीत, एकाच वर्गात. एक दिवसाआड येऊनही तू पहिली यायचीस आणि मी दुसरा. ते मला सोसलं नाही. तुझं नाव काढायचा अर्ज मी लिहून दिला, अक्का. त्यावरचा अंगठा आबाचा नव्हता. आबाला वाटलं सरकारनं नाव काढलं, आणि तुला वाटलं आबानं. तू त्याच्याशी धड बोलली नाहीस आणि तो तसाच गेला. मी दोघांच्या मधे बसून जेवत होतो.

सिंधुच्या दाखल्यावर आता खरं कारण लिहिलंय: 'पालकाने अर्ज केलेला नव्हता. हजेरीची टक्केवारी वाढवण्यासाठी शिक्षकाने नाव कमी केले.' खाली माझी सही आणि शिक्का आहे. उरलेल्या चाळीस नावांची यादी घेऊन उद्या शेषेरावांकडे जातोय. नोकरी राहील असं वाटत नाही. पार्वतीला अजून सांगितलेलं नाही. 

माझ्यावरचा राग माझ्यावरच काढ. पोरीला दारातून परत पाठवू नकोस, तिनं दारात बरंच उभं राहून झालंय. तिला विचारलंस तर ती आधी नंबर सांगेल. तू तिला नावानं हाक मार.

तुला अडवणारा,
निवृत्ती