फळ्यावर उरलेलं 'सुखरूप'

८ सप्टें.
सकाळी सातला वाचनालयाचा फळा लिहिला. निवृत्त झाल्यापासून एक दिवस चुकला नाही. रोज तीन ओळी, तीन बातम्या; आज तिन्ही ओळी एकाच बातमीला. फोनवर आली होती, मोठा मथळा, वर वृत्तपत्रासारखं नाव. 'वादळात बेपत्ता झालेले पाच खलाशी निर्जन बेटावर सुखरूप. महामार्ग पूर्ण झाल्याशिवाय परतणार नाही, असा एकमताने ठराव.'

वादळात गेलेल्या आपल्या गावच्या होडीवरही पाचच जण होते. दोन वर्षं झाली. त्यांत दिगा, गंगाकाकीचा एकुलता एक. माझ्या हाताखाली शिकला.

नाक्यावर, फळ्यापुढे हीऽ गर्दी. कोणी हसलं नाही. रिक्षावाला बाळू म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं. या अर्धवट रस्त्यानं येतील कशे?" मीही मान डोलावली!

९ सप्टें.
काकी काल दुपारी फळ्यापुढे उभी होती म्हणे. चौथीपर्यंत शिकलीय, एकेक अक्षर लावून वाचते. आज घरी आली. सौ.च्या हातावर नारळ ठेवला, माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो. "मास्तर, तुमी लिवलंत म्हंजे खरंच."

सर्वपित्रीला दर्भाचा पुतळा करून दिगाची क्रिया करायची ठरलेली. भटजींना सांगून झालं होतं. दोन वर्षं ती ऐकत नव्हती, गणपतीत कशीबशी तयार झाली. आज निरोप धाडून सगळं मोडलं. "जित्या माणसाला कोण जाळतं?"

बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

११ सप्टें.
काकीने देवळात कौल लावला. दिगा आहे की नाही, एवढंच विचारलं. गुरव म्हणाला, उजवा दिला, म्हणजे आहे. माझा कौलावर विश्वास नाही. तरी घरी येईपर्यंत डोळे पुसत होतो.

१२ सप्टें.
मुंबईहून मनूचा फोन. फळ्याचा फोटो तिच्यापर्यंत गेला.

"बाबा, हे काय लिहिलंत? ती थट्टेची साइट आहे. खोट्याच बातम्या देतात, लोकांनी हसावं म्हणून. खाली लिहिलेलं असतं, सर्व काल्पनिक."

माझ्याकडे आलेल्या चित्रात खाली काही नव्हतं. कुणीतरी कापलेलं. मी म्हटलं, अगं, पण रस्त्याचं तर... ती म्हणाली, "बाबा, रस्त्याचं हाच तर विनोद आहे!"

विनोद. अख्ख्या बातमीत जी ओळ विनोदाची, तिच्यावरच आम्ही विश्वास ठेवला. अरे गाढवा, दुसऱ्या पेपरात एकदा बघायचं होतंस.

सौ. म्हणाली, "जा, आत्ता सांगून या." म्हटलं उद्या.

१३ सप्टें.
गेलो नाही. फळा पुसून लिहिलं: 'खलाशांची बातमी खोटी होती. चूक माझी. क्षमस्व.' बाळू म्हणतो, "वरून दाब आला काय मास्तर?" सगळ्यांचं तेच. खरं लिहिलं तर कोणी मानायला तयार नाही.

१५ सप्टें.
हवा दमट, फळा नीट पुसला जात नाही. वाळला की जुनी अक्षरं पांढुरकी वर येतात. आज 'सुखरूप' सबंध वाचता येत होतं. दोनदा ओल्या फडक्याने पुसलं. संध्याकाळी पुन्हा होतं तिथेच.

दिगाला तिसरीत पट्टी मारली होती, खोटं बोलला म्हणून. शाळा बुडवून बापाबरोबर मासेमारीला गेला आणि ताप आला म्हणाला. रडला नाही, नुसता बघत राहिला. तसाच बघतोय असं दिवसभर वाटतं.

१७ सप्टें.
गेलो एकदाचा. काकी पडवीत डबे भरत होती. सुकट, आमसुलं, कुळथाचं पीठ. दिगासाठी. सगळं सांगितलं. थट्टेचा पेपर, मी फसलो, कोणी सापडलेलं नाही. तिने ऐकून घेतलं. डब्याचं झाकण लावलं.

"मंग देव पण थट्टा करतो काय?"

माझ्या चुकीवर देवाची सही घेऊन बसलीय ती. निघताना म्हणाली, "मास्तर, माजं एक काम करा. फळ्यावर लिवा, रस्ता झाला म्हणून. तुमचं लिवलेलं मुंबैपर्यंत जातं, त्याच्यापर्यंत जायल. मंग येल तो."

१८ सप्टें.
काकी फळ्याशी आली. "आज लिवताव?" नाही म्हटलं. वाचनालयाच्या पायरीवर बसून राहिली, ऊन येईपर्यंत.

१९ सप्टें.
आली.

सौ.ला म्हटलं, लिहून टाकू का? एक ओळ. तिचं समाधान. सौ. म्हणाली, "आणि तरी तो आला नाही म्हणजे?"

२० सप्टें.
फळा लिहायला गेलोच नाही. पहिल्यांदाच. सौ. भाजी घेऊन आली, म्हणाली काकी पायरीवर आहे.

२१ सप्टें. सर्वपित्री
घरोघर पानं वाढलेली. काकीने नवऱ्याचं, सासूसासऱ्यांचं पान ठेवलं, दिगाचं नाही. तिचा पुतण्या चिडून माझ्याकडे आला. "तुमच्यामुळं झालं हे. त्याला आता ना इकडं ना तिकडं." खरं आहे. मान खाली घालून ऐकलं.

दुपारी फळ्याकडे गेलो. नवा खडू. 'क्रिया करा, काकी' असं काहीतरी लिहायचं मनात होतं. हात उचलला आणि 'महामार्ग' एवढं लिहिलं. का, कोण जाणे. पुसायला फडकं घेतलं.

मागे काकी. "म... हा... मा... र्ग." वाचलं आणि थांबली.

"पुढं?"