साडेसहा फुटांची काठी

प्रिय लिंडसे,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे. वकिलाचं काही नाही, पैशांचं नाही, आणि मी आजारीही नाही. गेल्या मंगळवारी दुकानात एक बाई आली होती, तिच्याबद्दल लिहायचंय. जुलैच्या थंडीत मासेमारी बंद, तेव्हा आमच्या गळ-काठ्यांच्या दुकानात चिटपाखरू नसतं, तुला ठाऊकच आहे. मी हीटरपाशी बसून गळाला पिसांच्या खोट्या माश्या बांधत होते. ती आली, ओला कोट दाराशी झटकला आणि म्हणाली, "मला एक हलकी काठी हवीय, छोट्या ओढ्यातल्या ट्राउट माशांसाठी. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच निवडून द्या." असं सरळ बोलणारं गिऱ्हाईक मला आवडतं. नाहीतर हॉबार्टहून येतात ते शहाणे, मलाच शिकवायला.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. ओढा किती रुंद? "दोन माणसांनी हात पसरले की संपला." वर झाडं? "टी-ट्रीच्या झुडपांचं छप्परच आहे म्हणे. पहिली शंभर पावलं रांगत जायचं." टी-ट्री काय, इथल्या प्रत्येक ओढ्यावर असते, त्यामुळे माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. मी आपली रंगात आले. तिला सांगितलं, लांब काठी तळ्यावर ठीक, तुमच्या ओढ्यात ती फांद्यांतच अडकून बसेल. तुम्हाला साडेसहा फूट पुरे, तीन नंबरची, म्हणजे अगदी हलक्या दोरीची. आणि काठी मऊ हवी. दोरी जेमतेम दोन हात बाहेर असताना जी वाकत नाही ती तिथे काय कामाची? फिरवायला जागाच नसेल तिथे माशी चिमटीत धरायची, काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडून द्यायची. दुकानातच करून दाखवलं, मग तिला करायला लावलं. तिसऱ्या खेपेला तिची माशी बरोब्बर फळीवरच्या टोपीत जाऊन पडली. टाळ्या पिटत हसली बाई! मला ती आवडली, लिंडसे. हे लिहिताना दातओठ खातेय मी, पण आवडली.

बिलावर नाव लिहायला विचारलं, तर म्हणाली ब्रॉनी. मग कानाशी आली. "मोसम उघडतो ना, त्या पहिल्या शनिवारी तो मला तिथे नेणार आहे. मी स्वतःची काठी घेऊन उभी राहणार, बघतच राहील! लाकडाच्या भुशाचा जुना ढीग आहे तिथे गाडी लावायची आणि आडव्या पडलेल्या मर्टलच्या झाडावरून पलीकडे उतरायचं. पण मी बोलले असं कुठे बोलू नका हं, माझा लिंडसे मला कच्ची खाईल. तो ओढा त्यानेच शोधलाय. जगात दुसऱ्या कुणाला माहीत नाही."

त्यानेच शोधलाय! वा रे वा! वॉलबीच्या, त्या छोट्या कांगारूच्या, मागे धावलेल्या कुत्र्याला शोधत त्या झाडीत कोण घुसलं होतं? गुडघे फोडून घेत, कमरेपर्यंत जळवा लावून घेत, त्या पाण्यावर उठणारे मासे पहिल्यांदा पाहिले कुणी? मी धावत तुला सांगायला आले तेव्हा तू गाडीत बसून सँडविच खात होतास. "बेडूक असतील गं," म्हणालास. सव्वीस वर्षं झाली त्याला. कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं, आणि मी ते पाळलं. माझा सख्खा भाऊ मरेपर्यंत विचारत राहिला, "रेलीन, एकदा तरी ने की." नाही नेलं त्याला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

वेगळे होताना घर तू घेतलंस, होडी तू घेतलीस, मी हूं की चूं केलं नाही. ओढा तेवढा आपण वकिलांशिवाय वाटून घेतला. एक शनिवार तुझा, एक माझा, तिसऱ्याचं पाऊल नाही. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हात मिळवलास तू माझ्याशी. नऊ वर्षं मी माझ्या शनिवारी जातेय. काठावरच्या चिखलात तुझ्या बुटांचे ठसे दिसतात, डावा पाय अजून ओढतोस हे कळतं. एवढंच उरलं होतं आपल्यात, आणि खरं सांगते, मला ते पुरत होतं.

आता पत्र का, ते ऐक. ती साडेसहा फुटांची काठी मी तिच्या हातातून काढून घेतली आणि फळीवर ठेवून दिली. "नाही, नीट विचार केला तर तुमच्यासाठी ही," असं गोड बोलून नऊ फुटांची, सहा नंबरची, तळ्यावरची ताठर काठी तिच्या गळ्यात मारली. वीस वर्षांत शत्रूलाही चुकीची काठी दिली नव्हती. तिने तीनदा आभार मानले, मिठी मारली. संध्याकाळपर्यंत मी अगदी खुशीत होते. मग जेवायला बसले आणि पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं. त्या शनिवारी ती तिथे रांगत जाईल, प्रत्येक फांदी तिची माशी पकडेल, आणि तू मागे उभा राहून त्या मऊ आवाजात म्हणशील, "राहू दे गं, तुझ्या हातातच नाही ते." मला चार वर्षं म्हणत होतास. आणि मी मानत होते, रे! छोटी काठी स्वतःकडे ठेवून मला तळ्यावरची देत होतास, हे कळेपर्यंत मानत होते. तीही मानेल. म्हणून योग्य काठी या पार्सलमध्ये घातलीय. तिच्या नकळत काठ्या बदल; त्या दिवशी काठीचं नळकांडं उघडून तिने विचारलंच, तर म्हण, दुकानातल्या म्हातारीने भरताना चुकून दुसरी काठी भरली असेल. ती लांब परत पाठव. तिचा बेत मी तुझ्याकडे फोडला, तेवढं शनिवारी चकित झाल्याचं सोंग कर, सोंगं तुला जमतात. पहिला शनिवार तुझा आहे, ने तिला. दुसरा माझा. त्या दिवशी तिथे तुमच्यापैकी कुणी दिसलं, तर सोमवारी त्या ओढ्याचा नकाशा काढून मी दुकानाच्या काचेवर चिकटवीन.

एके काळची तुझीच,
रेलीन