अकरा तांबे

नांदेड,
१७ जून १९८६

चि. गुरुपादप्पास अक्काचे आशीर्वाद. घरातल्या सर्वांना शरणार्थ.

गुडघा सोडला तर माझे ठीक आहे. पाऊस नाही. तुमच्याकडे टँकर येतो का ते कळव. आता मुद्द्याचे.

तुझ्या शिवकांताचा बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा निकाल लागला. प्रथम श्रेणी, आणि रसायनशास्त्रात कॉलेजात पहिली.

गेल्या वर्षी तू दुकानात गादीवर बसून मला म्हणालास, "अक्का, गिऱ्हाईक नाही त्या दुकानातला माल कुणी घेतं का? लातूर आता जिल्हा झालंय. इथल्या कॉलेजात उभं राहायला जागा न्हाई, अन् तू पोरीला नांदेडच्या रिकाम्या कॉलेजात घालून राहिलीस." मी दोन्हीकडचे वर्ग बघून आले होते. तिकडे प्रयोगाच्या टेबलाभोवती एवढी गर्दी, की मागच्यांना पुढच्यांच्या माना दिसतात. इकडे पाटणूरकर सर आणि त्यांच्यापुढे अकरा विद्यार्थी. मी म्हटले, मला गर्दी नको, मास्तर हवा. तू अट घातलीस: प्रथम श्रेणी हुकली तर पोरगी परत आणि उदगीरचे स्थळ पक्के. मी हो म्हटले.

जानेवारीत कॉलेजचे नळ आटले. मोठ्या कॉलेजांतून प्रयोग फळ्यावर होऊ लागले. आमचे सर म्हणाले, "अकराच तर आहात. घरून एकेक तांब्या आणा." त्या पाण्याची वाफ करून मुलांनीच शुद्ध पाणी काढायचे. मग त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पांढरे झाले तर पाण्यात क्षार राहिले, पुन्हा पहिल्यापासून. सर प्रत्येकाच्या नळीत स्वतः डोकावत. शिवकांताला किती वेळा माघारी धाडले ते विचारू नकोस. घरी येऊन रडायची, सकाळी तांब्या घासून निघायची.

प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या कॉलेजात होती. टेबलावर शुद्ध पाण्याची बाटली ठेवलेली. सगळे कामाला लागले. हिने सवयीने आधी थेंब टाकला, तर पाणी ताकासारखे. परीक्षकांना म्हणाली, "सर, हे विहिरीचं हाय." त्यांनी स्वतः करून पाहिले, सगळ्यांच्या बाटल्या बदलायला लावल्या आणि वेळ नव्याने धरला. रिकाम्या दुकानातला माल हा असा निघाला.

हे तू तिच्या तोंडून ऐकायचे होतेस. तुझ्या दर पत्रात तुरीचा भाव असतो, उदगीरच्या मंडळींचे निरोप असतात. तिची चौकशी नसते. तरी मी प्रत्येक वेळी तिला सांगत आले, "बाबांनी विचारलंय." काल निकाल बघून ती म्हणाली, "आत्या, आता खरंच विचारतील का?"

तिला सगळे ठाऊक होते तर.

उदगीरला आजच नकार कळव. सोमवारी नवा वर्ग सुरू होतो, सरांनी तुला बोलावले आहे. नळ अजून कोरडे आहेत, तेव्हा लातूरहून तांब्या भरून आण. तपासायला तुझी मुलगीच उभी असेल.

वाट बघते आहे. असे मी सहसा लिहीत नाही.

तुझी,
महानंदाअक्का