पडद्यावरचा निनावी प्रश्न

वेलचेरी, चेन्नई
रविवार

प्रिय अनय,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे मजेत आहेत. फोनवर तू हल्ली 'ठीक आहे बाबा, नंतर बोलतो' यापलीकडे जात नाहीस, म्हणून हा जुना मार्ग. चेन्नईत वाढलेल्या तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ते एका अर्थी बरंच. तेवढा वेळ तरी माझ्यापाशी बसशील. इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेल्यापासून आपलं निवांत बोलणंच झालेलं नाही. निकालाचं विचारलं की तुमच्या कॉलेजची वेबसाइट बंद असते. महिनाभर बंद राहणारी वेबसाइट मी तरी पाहिलेली नाही, पण असो.

आमच्या कॉलेजात नवीन खूळ आलंय. वर्गातल्या मोठ्या पडद्यावर एक कोड झळकतो, मुलं तो मोबाइलवर स्कॅन करतात आणि आपापले प्रश्न पाठवतात. नाव कुठेच दिसत नाही. मी आधी खूप कुरकुर केली. इतकी वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय, शंका असेल तर पोरं हात वर करतील की! शेवटी आमच्या श्रीविद्या मॅडमनी मला अक्षरशः धरून बसवलं आणि शिकवलं. पहिल्या दिवशी पडद्यावर काय आलं असेल? 'सार, मिशीला डाय लावता का?' (इथे 'सर'चं 'सार' होतं, तुला माहीतच आहे.) वर्ग फिदीफिदी हसला, मीही हसलो. (लावतो, हे फक्त तुला आणि आईला ठाऊक.) मग मात्र खरे प्रश्न यायला लागले, आणि इतके, की मी थक्क झालो. मान डोलावून 'सरी सार', म्हणजे 'बरं सर', म्हणणाऱ्या पोरांना साधी सरासरीही नीट कळलेली नव्हती. फार वाईट वाटलं रे.

शुक्रवारी तास संपत आला होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली एक तमिळ ओळ पडद्यावर आली. सार, मी तीन विषयांत नापास आहे, घरी अजून बोललेलो नाही, अप्पांना कसं सांगू? नको असलेला प्रश्न पुसायचं बटण मॅडमनी दाखवून ठेवलंय. बोट तिथवर गेलं, पण दाबवेना. कुणीच हसत नव्हतं. मी धीर देत म्हणालो, सांगून टाक बाळा, ओरडतील, मग जेवलास का म्हणून विचारतील. लगेच दुसरी ओळ आली. सार, तुमचाच मुलगा असता तर? सोमवारी सांगतो म्हणालो आणि वर्गाबाहेर पडलो. स्टेशनपर्यंत चालत गेलो. त्या बिननावाच्या ओळीखाली मला तुझंच नाव दिसत होतं.

उद्या त्या मुलांना उत्तर द्यायचं आहे, पण ते आधी तुला लिहायला हवं. नापास झाला असशील तर झालास. इंजिनिअरिंगच नको असेल तर तेही बोलू. मला राग येईल, खोटं कशाला सांगू. पण तो इथे, घरात, तू समोर असताना येऊ दे. तिथे खोलीत एकटा कुढत राहू नकोस. मिळेल त्या गाडीने ये, स्टेशनवर मी घ्यायला येतो. आईला मी सांगेन.

तुझाच,
बाबा